साध्या प्रेक्षकाचा कौल

चित्रपटाचा खेळ सुटला म्हणजे चित्रपटगृहाच्या जिन्यावरून जी गर्दी खाली उतरते, तिचे बोलणे कान देऊन ऐकण्यासारखे असते. त्या बोलण्यात समीक्षेची परिभाषा नसते आणि दिग्दर्शकाच्या शैलीचा ऊहापोहही नसतो. ‘मारामारी झकास जमली’, ‘शेवट फार ताणला’, ‘पैसे वसूल झाले’, किंवा ‘नुसताच गोंगाट!’ अशा चार-दोन शब्दांत तीन तासांच्या खेळाचा निकाल लागतो, आणि मंडळी रस्त्यावर येईपर्यंत बोलणे परतीच्या गाडीकडे किंवा घरच्या जेवणाकडे वळलेलेही असते. अपार पैसा ओतून उभारलेल्या चित्रपटाचे भवितव्य मात्र पुष्कळदा या चार-दोन शब्दांवरच अवलंबून राहते.

हे शब्द बोलणारा गृहस्थ चित्रपटाचा व्यासंगी नव्हे. वर्षातून चार-पाच वेळा, सणासुदीला किंवा घरच्या मुलांच्या आग्रहास्तव तो तिकीट काढतो. त्याला प्रिय असतात ते मारधाडीचे, साहसाचे, प्रचंड खर्चाचे आणि मोठ्या गाजावाजाचे चित्रपट. विद्वान मंडळी त्याच्या आवडीला नाक मुरडतात. धंदेवाईक मंडळी त्याच्या खिशाचा तेवढा आदर करतात. त्याच्या मताची चौकशी मात्र दोघेही क्वचितच करतात. ती चौकशी करणे हाच प्रस्तुत भाषणाचा हेतू आहे. हा साधा प्रेक्षक मारधाडीच्या चित्रपटाकडून नेमके काय मागतो, त्याचा कौल कोठे बरोबर ठरतो, आणि कोणता एक प्रश्न विचारण्याचे त्याच्याकडून राहून जाते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या चित्रपटांची परंपरा सिनेमाच्या जन्माइतकीच जुनी म्हटली तरी चालेल. १९०३ साली अमेरिकेत एडविन पोर्टर याने ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ नावाचा सुमारे बारा मिनिटांचा मूकपट काढला. त्यात दरोडेखोर आगगाडी लुटतात. धावत्या गाडीच्या इंजिनामागील कोळशाच्या डब्यावर झटापट होते आणि एका माणसाला गाडीवरून खाली फेकून देण्यात येते. फेकला जातो तो अर्थात माणूस नव्हे. ऐन वेळी चित्रण थांबवून त्याच्या जागी एक बाहुला ठेवलेला होता. परंतु ज्या प्रेक्षकांनी तो प्रसंग प्रथम पाहिला, त्यांच्या दृष्टीने गाडीवरून पडला तो माणूसच. हा बाहुला श्रोत्यांनी जरा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

त्यानंतर डग्लस फेअरबँक्सचा काळ आला. ‘द मार्क ऑफ झोरो’ हा त्याचा चित्रपट १९२० सालचा, तर ‘द थीफ ऑफ बगदाद’ १९२४ सालचा. गच्चीवरून गच्चीवर उड्या घेणारा, तलवार फिरवता फिरवता हसणारा हा नायक हिंदुस्थानातही लोकप्रिय झाला आणि त्याला येथे वारसही लाभले. त्यांतील एक मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटातून पडद्यावर आलेला हा नट पुढे मुंबईच्या मूकपटांत तलवारबहाद्दर म्हणून गाजला आणि ‘हिंदी फेअरबँक्स’ म्हणवला गेला. १९३१ साली ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाच्या नायकाची भूमिका त्याच्याकडेच आली, ती या लोकप्रियतेच्या बळावर.

१९३५ साली वाडिया मूव्हिटोनचा ‘हंटरवाली’ झळकला. होमी वाडिया त्याचे दिग्दर्शक. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली मेरी इव्हान्स ‘नादिया’ या नावाने त्यात राजकन्या झाली होती. दुष्ट वजीर राजाला बंदीत टाकतो, तेव्हा ही राजकन्या तोंडावर मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन गरिबांच्या कैवाराला धावते. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्राँटियर मेल’मध्ये तिने आगगाडीच्या टपावर दांडग्या पुरुषांशी हातघाईची लढाई केली. आपली साहसे नादिया स्वतःच करीत असे. तिच्यामागोमाग गिरणी कामगाराचा मुलगा असलेले भगवान पालव, म्हणजेच मास्टर भगवान, अल्प भांडवलात असेच स्टंटपट काढू लागले. १९५१ सालच्या ‘अलबेला’ने त्यांची सर्वत्र कीर्ती झाली खरी, परंतु त्याआधी कित्येक वर्षे त्यांच्या स्टंटपटांना आश्रय दिला तो कष्टकरी वस्त्यांतील स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकांनी.

हा प्रेक्षक त्या चित्रपटांत काय पाहत होता? दिवसभर यंत्रापुढे उभे राहून, मुकादमाची बोलणी खाऊन आलेला माणूस संध्याकाळी एका चाबकाच्या फटकाऱ्याने अन्यायी वजीर लोळताना पाहतो, तेव्हा त्याला होणारा आनंद केवळ हाणामारीचा नसतो. जगात निदान दीड-दोन तास तरी न्याय लवकर आणि स्पष्ट दिसतो, याचा तो आनंद असतो. मारधाडीच्या चित्रपटाला पोरकट म्हणणाऱ्यांच्या दृष्टीतून ही गोष्ट बहुधा निसटते. कीर्तनातला राक्षसवध ऐकताना माना डोलावणारा श्रोता आणि पडद्यावरचा खलनायक कोसळताच शिट्टी वाजवणारा प्रेक्षक यांच्यांत फार मोठे अंतर नाही.

आता अलीकडच्या प्रचंड चित्रपटांकडे वळावे. त्यांना ‘ब्लॉकबस्टर’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द मुळात दुसऱ्या महायुद्धातील एका जातीच्या अवजड बाँबचा. एका बाँबमध्ये घरांची अख्खी ओळ जमीनदोस्त व्हावी, असा त्याचा अर्थ. युद्धातून तो चित्रपटांच्या जाहिरातींत शिरला आणि तेथेच कायमचा राहिला. या नावातच एक गैरसमज दडलेला आहे. जितका मोठा स्फोट तितका मोठा चित्रपट, असे या नावामुळे निर्मात्यांना वाटू लागते. साध्या प्रेक्षकाचा अनुभव नेमका याच्या उलट आहे आणि १९७५ या एकाच वर्षातील दोन चित्रपट त्याची साक्ष देतात.

पहिला अमेरिकेतील स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’. त्या वर्षीच्या जून महिन्यात तो एकाच दिवशी चारशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला आणि उन्हाळ्यातील भव्य चित्रपटांची आजची रीत पुष्कळ अंशी तेथून सुरू झाली. त्याचा विषय माणसे खाणारा शार्क मासा. चित्रणासाठी तयार केलेला यांत्रिक मासा समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत असे. त्यामुळे तो पडद्यावर फारसा दाखवता येईना. मग दिग्दर्शकाने संगीताच्या दोन सुरांवर, पाण्यावर ओढल्या जाणाऱ्या पिंपांवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर काम भागवले. पहिला तासभर मासा धड दिसतच नाही, तरीही प्रेक्षक खुर्चीला घट्ट धरून बसतो.

दुसरा चित्रपट रमेश सिप्पी यांचा ‘शोले’. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला. आरंभीच्या दिवसांत त्याला थंडा प्रतिसाद मिळाला. पुढे पाहून आलेल्याने न पाहिलेल्याला सांगितले, त्याने आणखी दोघांना नेले, आणि अशा रीतीने मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. जिन्यावरच्या त्या चार-दोन शब्दांचे सामर्थ्य यापरते कोठे दिसावे? त्यातील आगगाडीवरील लढाईचे चित्रण मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलजवळ सात आठवड्यांहून अधिक काळ चालले होते. तो प्रसंग दिमाखदार आहे यात शंका नाही. परंतु ‘शोले’ची आठवण निघाली म्हणजे साधा प्रेक्षक प्रथम गोळीबाराची गोष्ट काढीत नाही. ठाकूरच्या खांद्यावरची शाल वाऱ्याने घसरते आणि तिच्याखाली हात नाहीत असे दिसते, ती घटका तो सांगतो. त्या रिकाम्या बाह्यांमुळेच पुढच्या प्रत्येक गोळीला मोल चढते.

यावरून साध्या प्रेक्षकाची मोजपट्टी हाती लागते. ती त्याने कधी शब्दांत मांडलेली नसली, तरी तिच्यात तीन प्रश्न आहेत. लढणारा कोठे उभा आहे? तो कशासाठी लढतो आहे? आणि त्याचा पाय घसरला तर काय होईल? या तिन्हींची उत्तरे स्पष्ट असली म्हणजे दोन माणसांची झटापटही तो श्वास रोखून पाहतो. ती नसली म्हणजे अख्खे नगर कोसळले तरी त्याला जांभई येते.

मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरजच पडू नये. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघालेले शिवाजी महाराज विशाळगडाकडे जात असता बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली, ही कथा त्याने लहानपणापासून ऐकलेली असते. जागा इतकी अरुंद की ती मनात रेखाटता यावी. हेतू इतका स्पष्ट की तो पोरालाही कळावा. गडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत टिकायचे आहे, ही मुदतही ठरलेली. आणि परिणाम तर देहावर कोरलेला. या प्रसंगावरील ‘पावनखिंड’ हा मराठी चित्रपट २०२२ साली आला, तेव्हा शेवट सर्वांना ठाऊक असूनही चित्रपटगृहांत गर्दी झाली. अमुक वीर जगतो की मरतो, एवढ्याच उत्सुकतेवर असले चित्रपट चालतात असे समजणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

उलट, आजच्या कित्येक भव्य चित्रपटांचा शेवटचा अर्धा तास हा साध्या प्रेक्षकाच्या तक्रारीचा खास विषय आहे. आकाशात विमाने, खाली कोसळणारे मनोरे, मध्ये शेकडो योद्धे; कोण कोणाला मारतो आहे याचा पत्ता नाही. नायक दहा मजल्यांवरून पडतो आणि अंगरखा झटकून उठतो. असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी त्याच्याविषयी काळजी वाटण्याचे कारण उरत नाही. ‘नुसताच गोंगाट’ हा साध्या प्रेक्षकाचा शेरा अशा ठिकाणी तंतोतंत लागू पडतो.

हा दोष पुष्कळ जण संगणकाच्या माथी मारतात. तो निवाडा उतावीळपणाचा आहे. १९९३ सालच्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये संगणकाने निर्मिलेले प्राणी जेमतेम सहा मिनिटे दिसतात, तथापि तो चित्रपट पुढे हिंदीतून बोलू लागला तेव्हा इंग्रजीचा गंधही नसलेल्या प्रेक्षकांनी त्याला गर्दी केली. २०१५ सालच्या ‘बाहुबली’चे उदाहरण अधिकच बोलके आहे. त्यातील गगनचुंबी धबधबा बव्हंशी संगणकाची करामत आहे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही नायक तो चढू लागला म्हणजे प्रेक्षक त्याच्यात गुंतून पडतो. कारण दिग्दर्शक राजमौली यांनी त्या नायकाला बालपणापासून पुनःपुन्हा चढताना आणि पुनःपुन्हा पडताना दाखवले आहे. आधी पडण्याची किंमत मोजली जाते, मग चढण्याचे कौतुक होते. धबधबा खोटा असला तरी ते पडणे खोटे वाटत नाही.

येथवर साध्या प्रेक्षकाचा कौल खचितच आदरास पात्र आहे. परंतु एक प्रश्न तो विचारीत नाही, आणि तो प्रश्न तिकिटाच्या पैशांहून गंभीर आहे. पडद्यावर जो पडतो, त्याच्या ऐवजी खरोखर कोण पडले?

ललिता पवार यांचे नाव ऐकताच त्यांचा तो किंचित मिटलेला डावा डोळा मराठी प्रेक्षकाच्या नजरेसमोर येतो. खाष्ट सासूच्या भूमिकेला तो फार शोभतो, असे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक हसत आले. त्या डोळ्याची कहाणी मात्र हसण्यासारखी नाही. १९४२ साली एका चित्रपटाच्या वेळी अभिनयातील थप्पड खरोखरीच जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगाचा विकार जडला, पुढे वर्षानुवर्षे उपचार चालले, आणि नायिका म्हणून बहरास आलेली कारकीर्द तेथेच खुंटली. चरित्रभूमिकांत त्यांनी जो लौकिक मिळवला तो सर्वस्वी त्यांच्या जिद्दीचा.

१९८२ सालच्या जुलैमध्ये बंगळूर येथे ‘कुली’च्या चित्रणात मारामारीच्या प्रसंगी अमिताभ बच्चन यांना जबर दुखापत झाली. देशभर देवळांत, मशिदींत, घराघरांत प्रार्थना झाल्या. पुढच्या वर्षी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा दुखापतीच्या त्या क्षणी चित्र गोठवून पडद्यावर तशी अक्षरे दाखवण्यात आली. प्रेक्षकांचे ते प्रेम निर्मळ होते, यात संशय नाही. परंतु ज्यांच्या पडण्यासाठी चित्र कधी गोठवले जात नाही, अशांची संख्या किती मोठी असेल! ‘शोले’तील बसंतीचा टांगा उधळतो तेव्हा हेमा मालिनी यांच्या ऐवजी टांग्यावर रेश्मा पठाण होत्या. कोवळ्या वयात घर चालवण्यासाठी या धंद्यात आलेल्या त्या तरुणीला त्या चित्रणात दुखापतही झाली. टांगा सर्वांना आठवतो. तो हाकणारीचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आणि प्रसंग दुखापतीवरच थांबतो असेही नाही. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बंगळूरजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयावर एका कन्नड चित्रपटाच्या चित्रणात तिघांनी हेलिकॉप्टरमधून पाण्यात उडी घेतली. नायक वाचला, त्याच्याबरोबर उडी घेतलेले दोन तरुण नट बुडाले. ज्या उडीने पडद्यावर काही क्षणांचा थरार उत्पन्न व्हावयाचा, तिच्यापायी दोन घरांचे दिवे कायमचे विझले.

अशा वेळी निर्मात्यांकडून एक समर्थन पुढे केले जाते. प्रेक्षकालाच खरा धोका हवा असतो, म्हणून तो पत्करावा लागतो, असे ते म्हणतात. या समर्थनात साध्या प्रेक्षकाला साक्षीदार म्हणून उभे केले जाते. म्हणून त्याची साक्ष नीट तपासणे अगत्याचे आहे. १९०३ सालच्या त्या बाहुल्याची आठवण येथे करावी. गाडीवरून बाहुला फेकला गेला आणि प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला. ‘जॉज’मधील मासा यांत्रिक होता, आणि तोही नादुरुस्त. ‘बाहुबली’चा धबधबा संगणकाचा होता. तिन्ही ठिकाणी प्रेक्षकाचा श्वास रोखला गेला तो कोणाचा प्राण खरोखर संकटात होता म्हणून नव्हे, तर कथेतील माणसाचा प्राण संकटात आहे असे त्याला पटले म्हणून. त्याला परिणामाची खात्री हवी असते. रक्ताची पावती त्याने कधी मागितलेली नाही.

खरी साहसे करणारे थोर कलावंत झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. १९२८ साली बस्टर कीटन याने घराची संपूर्ण दर्शनी भिंत अंगावर पाडून घेतली आणि उघड्या खिडकीच्या चौकटीत येईल अशा ठिकाणी तो निश्चल उभा राहिला. १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’मध्ये याकिमा कनट धावत्या घोड्यांच्या मधोमध जमिनीवर पडला आणि वरून गाडी निघून गेली. परंतु अशा करामतींच्या मागे असते ती मोजदाद. भिंत कोठे पडणार, घोडे किती वेगाने धावणार, याचा काटेकोर हिशेब. आंधळे धाडस आणि हिशेबी धाडस यांत जितके अंतर आहे, तितकेच त्या जलाशयातील उडीत आणि कीटनच्या भिंतीत आहे. अलीकडे तर संगणकाने या हिशेबाला मोठाच हातभार लावला आहे. २०११ सालच्या ‘मिशन इम्पॉसिबल’मध्ये टॉम क्रूझ दुबईच्या बुर्ज खलिफा इमारतीच्या बाहेरून चढतो, तेव्हा त्याच्या अंगाला भक्कम दोर बांधलेले होते, ते दोर मागाहून संगणकाने चित्रातून पुसून टाकले. ज्या यंत्राला शिव्या दिल्या जातात, त्याचा याहून चांगला उपयोग दुसरा कोणता? दोर माणसाला वाचवतो आणि दोराचे अदृश्य होणे प्रेक्षकाच्या आनंदाला वाचवते.

या कारागिरांच्या वाट्याला मान मात्र फार उशिरा आला. कनटला १९६७ साली सन्मानाचे ऑस्कर देण्यात आले, पण या कलेसाठी स्वतंत्र वार्षिक पारितोषिक नव्हते. ते स्थापण्याचा निर्णय अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने २०२५ साली जाहीर केला, आणि २०२७ सालच्या चित्रपटांपासून ते द्यावयाचे ठरवले. भारताने या बाबतीत आघाडी घेतली, ही नोंद अभिमानाने करण्याजोगी आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार २०१७ साली प्रथम जाहीर झाला आणि तो ‘पुलिमुरुगन’ या मल्याळम चित्रपटासाठी पीटर हाइन यांना मिळाला.

परंतु पारितोषिके म्हणजे सुरक्षितता नव्हे. दोर, जाळी, गादी, पाण्यातील उडीसाठी अंगावर तरंगणारे जाकीट आणि काठावर तयार होडी, विम्याचा कागद आणि दवाखान्याची गाडी यांची तजवीज चित्रणाच्या दिवशी झालेली असावी लागते. ती करणे हे निर्मात्याचे कर्तव्य आहे. साध्या प्रेक्षकाच्या हाती तेथे काही नाही, असे वरवर वाटते. पण त्याच्या त्या चार-दोन शब्दांत केवढे बळ आहे हे ‘शोले’ने दाखवून दिलेलेच आहे. ‘यात सारे खरेखुरे धोके पत्करले आहेत’ अशी जाहिरात वाचून त्याने हुरळून जाऊ नये. गोष्ट पटली का, एवढाच आपला जुना प्रश्न त्याने धरून ठेवावा. तो प्रश्न जोवर विचारला जाईल, तोवर कोणाच्याही हाडांच्या मोलाने थरार विकत आणण्याची निर्मात्याला गरज पडणार नाही.

आणि आणखी एक लहानशी गोष्ट त्याला करता येईल. खेळ संपल्यावर पडद्यावर नावे सरकू लागतात, तेव्हा दिवे लागतात, दारे उघडतात आणि गर्दी जिन्याकडे धावते. त्या नावांत कोठेतरी तळाशी, बारीक अक्षरांत, गाडीखाली गेलेल्याचे, घोड्यावरून पडलेल्याचे, आगीतून धावलेल्याचे नाव असते. मुलांना घेऊन आलेल्या गृहस्थाने दोन मिनिटे जागेवर थांबावे आणि ती नावे मुलांना मोठ्याने वाचावयास सांगावे. परतीची गाडी तेवढ्याने चुकत नाही.